आईचा चालू फोन

सकाळपासून डोकं ठणकतंय, म्हणून लिहितेय.

आईला घेऊन बँकेत गेले होते. तिच्या फोनवर बँकेचं ॲप कालपासून उघडत नाही. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "हा फोन जुना झाला. काकू, नवीन घ्या ना."

का म्हणून घ्यायचा? सहा वर्षं वापरलाय. काचेवर ओरखडा नाही. जुन्या इरकलीच्या तुकड्याचं कव्हर शिवलंय तिने त्याला. तिथून तडक मुंबईतला इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार, लॅमिंग्टन रोड गाठला. दुरुस्तीवाल्याने फोन उघडून पाहिला. "ताई, बॅटरी बदलली की अजून तीन वर्षं आरामात जाईल. पण कंपनीने अपडेटच बंद केले म्हणून ॲप चालत नाही, त्याला मी काय करू?" स्क्रू परत लावून दिले, एक पैसा घेतला नाही.

म्हणजे चालता-बोलता फोन फक्त कंपनीच्या मर्जीने भंगार ठरला. आणि 2023 च्या जी-20 मध्ये सगळ्या मोठ्या देशांनी काय कबूल केलं होतं? डिजिटल तंत्रज्ञानाने शाश्वत विकासाला वेग द्यायचा! 2022 या एका वर्षात जगात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला. रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेला तो पाव हिस्सासुद्धा नाही. सगळ्यात जास्त कचरा करणारे कोण, तर चीन, अमेरिका आणि आपण. कुर्ला, साकीनाक्याच्या गाळ्यांत उघड्या हातांनी भंगारातल्या फोन-संगणकांचे बोर्ड सोलणारी पोरं कुठल्या विकासात मोजायची?

फोनमुळे होणाऱ्या प्रदूषणातलं बहुतेक तर खाणीत आणि कारखान्यातच होऊन गेलेलं असतं, तो आपल्या हातात येण्याआधी. मग आहे तोच जास्त वर्षं वापरणं यापेक्षा सरळ उपाय कुठला?

अपडेट नसलेल्या फोनवरून पैसे चोरीला जाऊ शकतात, हे मान्य. मग अपडेट द्या ना! युरोपात 20 जून 2025 पासून नियमच आहे, मॉडेलची विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट आणि सात वर्षं सुटे भाग. आपल्याकडे डिसेंबर 2022 मध्ये दुरुस्तीच्या हक्काचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घेण्याची माहिती देणारं सरकारी पोर्टल आलं, पण अपडेट इतकी वर्षं द्यायलाच हवेत अशी सक्ती अजून नाही.

लॉकडाऊनमध्ये याच फोनवर मी तिला यूपीआय शिकवलं होतं, व्हिडिओ कॉलवरून, तीन दुपारी खर्चून. भाजीवाल्या मावशींना पहिल्यांदा वीस रुपये पाठवले, तेव्हा त्यांच्या फोनवर मेसेज येईपर्यंत ती तिथेच उभी राहिली. मग घरी येऊन मला फोन केला, "जमलं गं." सत्तरीच्या बाईने मिळवलेली ही हिंमत होती. आज बँकेतून बाहेर पडताना ती हळूच म्हणाली, "माझ्याकडूनच काहीतरी चुकीचं दाबलं गेलं असेल." ते ऐकून मला रडू आलं.

आई, तू काही चुकीचं दाबलं नाहीस.

संध्याकाळी नवीन फोन आणला. दुकानदार जुना बदलीत घ्यायला तयार होता, आईने दिला नाही. कव्हरसकट कपाटात ठेवलाय. जाताना चार्ज मात्र करून ठेव म्हणाली.