'पॉझिटिव्ह राहा, कॅन्सर हरेल' वाल्या मेसेजबद्दल

आमच्या फॅमिली ग्रुपवर एक मेसेज फिरतोय, कॅन्सर आधी मनात हरवा मग शरीरात हरतोच, पेशंटसमोर रडू नका, स्टेज सांगू नका, पॅलिएटिव्ह केअर (दुखणं आणि त्रास कमी करणारे उपचार) म्हणजे हार. माझ्या आत्याला फुप्फुसाचा कॅन्सर आहे, चौथी स्टेज, कोथरूडला आमच्याकडेच असते, आणि तिलाही कुणीतरी हा पाठवलाय म्हणून लिहितेय.

मनाचं आधी. २००७ साली डोकं-मानेच्या कॅन्सरच्या १,०९३ पेशंटचा अभ्यास आला, मनाने बरे असलेले जास्त जगतात का ते बघितलं, संबंध निघाला नाही. १९८९ मध्ये सपोर्ट ग्रुपमधल्या ब्रेस्ट कॅन्सरच्या बायका जवळपास दुप्पट जगल्या होत्या, ते लोक अजून सांगतात, पण २००१ मध्ये २३५ जणींवर परत करून बघितलं तर आयुष्य वाढलं नाही. मूड सुधारला, दुखणं कमी जाणवलं, तेही हवंच की! पण ज्यांचा आजार वाढला ते काय पॉझिटिव्ह राहायला कमी पडले?

रडल्याने गाठ वाढत नाही. पुढे.

स्टेज लपवायची म्हणे. अहो, रिपोर्ट आत्यानेच आधी वाचला. तिला एफडीचा नॉमिनी बदलायचा होता, लॉकरचं बोलायचं होतं, आणि येणारा जो तो "काही होत नाही तुम्हाला, गणपतीला मोदक तुमच्याच हातचे" म्हणून विषय बदलणार. शेवटी वैतागून मला म्हणाली, "मोदक राहू दे गं, बँकेचा फॉर्म आण."

आणि पॅलिएटिव्ह म्हणजे हार हे तर साफ चूक. २०१० मध्ये पसरलेल्या फुप्फुसाच्या कॅन्सरच्या १५१ पेशंटमध्ये निम्म्यांना नेहमीच्या ट्रीटमेंटसोबत सुरुवातीपासूनच पॅलिएटिव्ह केअर दिली, त्यांचं डिप्रेशन कमी राहिलं आणि मीडियन आयुष्य (निम्मे पेशंट त्याहून जास्त जगले, असा आकडा) ११.६ महिने आलं, बाकीच्यांचं ८.९. एकाच अभ्यासावर उड्या मारू नयेत, पण हार कुठे दिसते यात? आपल्या वारज्याला सिप्लाचं सेंटर १९९७ पासून हेच काम फुकट करतंय. मॉर्फीन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध, म्हटलं की लोक दचकतात, पण डॉक्टरांनी ठरवलेल्या डोसने आत्या रात्री झोपायला लागली. फक्त पोट साफ व्हायचं औषध सोबतच मागून घ्या, बद्धकोष्ठता होतेच, हे आम्हाला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

भेटायला जरूर या, चारनंतर, तेव्हा ती जागी असते. ज्यूस नको, तिला सध्या तिखट सोडून कशाचीच चव लागत नाही, मिसळ आणलीत तर खूश होईल.