किती विकला, किती विकला, किती विकला!

फायनल फँटसी ह्या व्हिडिओ गेम सिरीजचा नवीन भाग आला रे आला की ह्या फॅन लोकांचं सुरू, किती विकला? अरे खेळलास का ते सांग ना आधी! २०१६ ला पंधरावा आला, पहिल्याच दिवशी ५० लाख, २०२३ ला सोळावा आला, पहिल्या आठवड्यात ३० लाख, झालं, लगेच "सिरीज संपली" म्हणून सुतक धरून बसले सगळे. पंधरावा पीएस४ आणि एक्सबॉक्स ह्या दोन्ही गेमिंग मशीनवर होता, सोळावा तेव्हा फक्त पीएस५ वर, हे कोण बघणार? बरं त्या आकड्यांत दुकानांत पाठवलेल्या डिस्कपण धरलेल्या असतात, पण नाही, आपला आवडता गेम असला की पाठवलेलं म्हणजे विकलेलंच आणि नावडता असला की हेच महाशय ऑडिटर होऊन एकेक डिस्क मोजायला बसणार! १९९७ च्या सातव्याचा आकडा तर असा तोंडावर फेकतात जणू नंतरच्या सगळ्या डिजिटल कॉप्यापण त्याच वर्षी विकल्या गेल्या होत्या (तेव्हा डाउनलोड करायचे कशावर, देव जाणे). तुमचे शेअर्स आहेत का रे त्या कंपनीत? डिव्हिडंड येतो? नाही ना? मग घसा कशाला फोडताय!