माळरान पडीक नसते: कार्बनसाठी झाडे लावण्याच्या दाव्याला उत्तर

पावसाळा तोंडावर आला की एक संदेश हमखास फिरू लागतो. सोलापूर, अहिल्यानगर आणि पुण्याच्या पूर्व पट्ट्यातील माळराने पडीक आहेत. तिथे झाडे लावली तर कार्बन शोषला जाईल, पाणी वाढेल आणि पशुपक्षी परत येतील, असे त्यात म्हटलेले असते. हेतू चांगला आहे, परंतु त्यातील एकही विधान माळाला लागू पडत नाही.

‘पडीक’ हा मुळात महसुली शब्द आहे. ज्या जमिनीतून शेतसारा येत नाही ती इंग्रजी अमदानीत पडीक ठरली आणि तोच शिक्का आजही कागदोपत्री टिकून आहे. प्रत्यक्षात तिथे पवन्या, मारवेल, डोंगरी, कुसळी अशी गवते असतात, लांडगा, खोकड आणि चिंकारा असतात, आणि धनगरांच्या मेंढ्या पिढ्यान्‌पिढ्या त्याच गवतावर जगत आल्या आहेत.

आधी प्रश्न पशुपक्षी परत येण्याचा. धाविक हा माळावरचा पक्षी घरटे बांधत नाही. उघड्या जमिनीवर, मातीच्याच रंगाची दोन-तीन अंडी घालतो आणि दुरून येणारा शत्रू दिसावा म्हणून त्याला चहूकडे मोकळी नजर लागते. झाडे लावण्याच्या बदल्यात ‘पत’ देणाऱ्या केंद्राच्या हरित पत (ग्रीन क्रेडिट) योजनेतील फेब्रुवारी २०२४ च्या अधिसूचनेत हेक्टरी किमान १,१०० झाडांची अट होती, म्हणजे साधारण दर तीन मीटरवर एक खड्डा. अशा जागी धाविक राहत नाही, माळढोक तर नाहीच. राज्यात २०१९ मध्ये ३३ कोटी झाडांचे उद्दिष्ट होते. एवढे आकडे गाठायचे तर मोकळी जागा हवी, आणि ती बहुधा माळावरच दिसते. लावले जाते तेही अनेकदा मध्य अमेरिकेतून आलेले गिरिपुष्प, कारण जनावरे त्याला सहसा तोंड लावत नाहीत. (माळावरच्या झाडाची निवड ते कोणी खात नाही म्हणून व्हावी, हे विलक्षणच.)

कार्बनचा हिशेबही सरळ नाही. ९० कोटी हेक्टरांवर झाडे वाढली तर २०५ अब्ज टन कार्बन साठेल, असा अंदाज २०१९ मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात आला आणि जगभर गाजला. काही महिन्यांतच तिथेच छापलेल्या शास्त्रज्ञांच्या प्रतिक्रियेत तो सुमारे पाचपट फुगवलेला असल्याचे दाखवून दिले गेले. गवताळ प्रदेशांच्या मातीत आधीपासून असलेला कार्बन त्यात नीट धरलेलाच नव्हता, हे त्यामागचे एक कारण होते. गवताचा कार्बन मुख्यतः मुळांत आणि मातीत असतो, त्यामुळे वणवा वरून गेला तरी तो बराचसा टिकतो. खोडाफांद्यांतला मात्र जळून हवेत जातो.

पाण्याविषयी एवढेच, की वृक्षलागवडींच्या जागतिक अभ्यासात २००५ मध्ये ओढ्या-नद्यांचा प्रवाह सरासरी निम्म्याहून अधिक घटलेला आढळला. पर्जन्यछायेतल्या तालुक्यांना हे परवडणारे नाही.

जिथे मुळात जंगल होते आणि ते तोडले गेले, त्या सह्याद्रीच्या उतारांवर स्थानिक झाडे परत आणायलाच हवीत. आक्षेप त्याला नाही.

‘चुकले तर झाडे काढून टाकू’ हा शेवटचा बचावही टिकत नाही. आशिष नेर्लेकर आणि जोसेफ वेल्डमन या संशोधकांनी २०२० मध्ये जगभरातील नोंदी तपासून दाखवले, की एकदा मोडलेल्या जुन्या गवताळ प्रदेशाला आपली मूळ वनस्पतिसंपदा परत मिळवायला किमान शंभर वर्षे, आणि बहुतेकदा हजारो वर्षे लागतात.