तीस सेकंद वाळू द्या

आयसीयूत पेशंटला संसर्ग झाल्याची बातमी आली की आमच्या घरच्या ग्रुपवर दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, सरकारीत गेलात म्हणून. दुसऱ्याचं, खासगीत बिल लाखांचं आणि स्वच्छतेच्या नावाने बोंब. मग कुणीतरी मला विचारतं, "ताई, तुमच्याकडे इंग्लंडात कुठलं औषध वापरतात?"

मी मँचेस्टरमध्ये आयसीयूत नर्स आहे. सेंट्रल लाईन, म्हणजे मोठ्या शिरेत जाणारी नळी, घालण्याआधी आम्ही ७० टक्के अल्कोहोलमधलं २ टक्के क्लोरहेक्सिडिन हे जंतुनाशक कातडीवर तीस सेकंद चोळतो आणि पुढचे किमान तीस सेकंद ते वाळू देतो. वाळलेल्या जागेवर शीर पुन्हा बोटाने चाचपायची नाही; सगळ्यांत जास्त मोह तिथेच होतो. क्लोरहेक्सिडिन १९५०च्या दशकात याच शहरात आयसीआय कंपनीने शोधलं, पण आज ते भारतातही सहज मिळतं. बेटाडीनपेक्षा ते सरस आहे. फ्रान्समधल्या २०१५च्या चाचणीत दोन्ही औषधं अल्कोहोलमध्येच होती, तरी हजार कॅथेटर-दिवसांमागे (एक नळी एक दिवस आत, तो एक कॅथेटर-दिवस) संसर्ग क्लोरहेक्सिडिनने ०.२८ आणि बेटाडीनने १.७७ निघाले.

पण नुसत्या बाटलीने भागत नाही. मिशिगनमधल्या आयसीयूंचा २००६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास आमच्या शाखेत सगळ्यांना ठाऊक असतो. हात धुणं, पूर्ण अंग झाकणारी चादर, क्लोरहेक्सिडिन, जांघेतली शीर टाळणं, गरज संपताच लाईन काढणं, एवढ्याच पाच गोष्टी होत्या. पण एखादी चुकली तर डॉक्टरांना तिथल्या तिथे थांबवायचा अधिकार नर्सला दिला होता. हजार कॅथेटर-दिवसांमागे संसर्गाचा मध्यक दर २.७ वरून शून्यावर आला.

मी इथे "थांबा, अजून ओलं आहे" म्हणते, तेव्हा सर्जन कपाळाला आठ्या घालतो पण थांबतो. त्यात माझं शौर्य काही नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे इथे एक नर्स असते, आणि वाद झालाच तर वरिष्ठ माझ्या बाजूने उभे राहतात. गावाकडच्या आयसीयूत चार-पाच पेशंट सांभाळणारी, कंत्राटावरची सिस्टर मोठ्या सरांना थांबवेल कशाच्या जोरावर?

म्हणून सरकारी की खासगी या भांडणात मी पडत नाही. रात्रपाळीला सिस्टर किती असतात, हे आधी विचारून या म्हणते. त्यावर ग्रुप गप्प होतो.