33 वर्षांचा गुणाकार

खानापूर तालुक्यातल्या माझ्या भाच्याने गेल्या आठवड्यात मला एक संदेश पाठवला. बेळगाव-निपाणी भागातील आमच्या ख्रिस्ती मंडळ्यांच्या व्हॉट्सॲप गटांतून तो बरेच दिवस फिरत आहे. त्यात म्हटले आहे की, एकाने वर्षाला एक शिष्य केला आणि त्या शिष्यानेही तेच केले, तर 33 वर्षांत सारे जग ख्रिस्ताचे शिष्य होईल. त्यासाठी सहा आठवड्यांत पुढारी तयार करावेत. आणि ज्याचा आकडा वाढत नाही, त्याच्या सेवेवर देवाचा आशीर्वाद नाही.

गुणाकार बरोबर आहे. एकाचे 33 वेळा दुप्पट केले की 858 कोटींहून अधिक होतात, आणि जगाची लोकसंख्या 2022 मध्ये 800 कोटींवर गेली. पण या हिशेबात कोणी मागे फिरत नाही आणि कोणी मरत नाही. दरवर्षी निम्मे गळाले, तर 33 वर्षांनंतरही आपण एकावरच उभे असतो. योहान 6:66 मध्ये खुद्द प्रभूचे पुष्कळ शिष्य माघारी गेले. कवी नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली झाला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा 1900 साली. त्यांच्या घरातही मध्ये पाच वर्षे गेली.

खरा घात सहा आठवड्यांच्या मुद्द्यात आहे. संदेशात 2 तीमथ्य 2:2 चा आधार दिला आहे (जे ऐकलेस ते इतरांना शिकवू शकतील अशा विश्वासू माणसांना सोपव, असे पौल तिथे तीमथ्याला सांगतो), पण त्याच तीमथ्याला पहिल्या पत्रात, 3:6 मध्ये, मंडळीचा अध्यक्ष नवशिका नसावा असे पौलाने स्पष्ट बजावले आहे, आणि इफिसकरांना आपण तीन वर्षे रात्रंदिवस बोध केला असे तो स्वतः सांगतो. माझ्या भाच्याला मात्र सहा आठवडे संपताच हाती फॉर्म मिळाला: गट किती, पुढारी किती, शिष्यांची पिढी कितवी. गेल्या पावसाळ्यात, भाताच्या लावणीच्या दिवसांत, त्याच्या घरी प्रार्थनेला चौघे जमत, त्यांत एक त्याची आई. तीन गट दिसलेच पाहिजेत असा वरून फोन आला, तेव्हा त्याने तीच चार नावे आलटून पालटून तीन ओळींत लिहिली. "मामा, प्रभूच्या नावानं खोटं लिवलो ओ मी," असे सांगताना त्याला पुढे बोलवेना. त्या चौघांतली एक म्हातारी त्याच महिन्यात अंथरुणाला खिळली होती, आणि तिच्याजवळ जाऊन बसण्यासाठी फॉर्ममध्ये रकानाच नव्हता.

प्रेषितांच्या कृत्यांत 2:41 ला तीन हजारांचा आकडा आहे, हे मला मान्य करावेच लागते. आमच्या जुन्या मंडळ्यांत वर्षानुवर्षे तीच कुटुंबे बसतात आणि तरुण का येत नाहीत हे कोणी विचारत नाही, हेही खरे आहे. पण पुढच्याच वचनात ते लोक शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत तत्पर राहिले असे लिहिले आहे. आकड्यावरून आशीर्वाद ठरवणाऱ्यांनी ते वचन गाळले आहे.

भाच्याने या महिन्याचा फॉर्म खरा भरला आहे: एक गट, चार माणसे. पुढचा फोन येईल तेव्हा मी त्याच्याजवळ बसणार आहे.