तगारी म्हणजे नक्की किती किलो, कुणी सांगेल का?

आज डोकं फिरलंय आणि ते एका तगारीवरून फिरलंय. तीच लोखंडी तगारी, गवंडी ज्यात मसाला कालवतात ती, घमेलं म्हणा हवं तर, इंदूरात आम्ही तगारीच म्हणतो.

राऊच्या पुढे काकांची डेअरी आहे. लहानमोठी धरून 42 जनावरं, त्यातली 26 दुभती, बहुतेक म्हशी आणि थोड्या एचएफ क्रॉस (होल्स्टीन संकरित) गाई. मी राहतो लोकमान्य नगरात, नोकरी अकाउंट्सची, आणि दोन वर्षांपूर्वी घरात सगळ्यांनी मिळून ठरवलं की याला हिशोब येतो ना, मग डेअरीचाही बघेल. बघेल म्हणजे काय तर रविवारी सकाळी पोहे-जलेबी पोटात ढकलून राऊ गाठायचं, रजिस्टर उघडायचं आणि संध्याकाळपर्यंत स्वतःचे केस उपटायचे. आता उपटायला फारसे उरलेही नाहीत.

या महिन्याचंच घ्या. 1 तारखेला गोडाऊनमध्ये कपास्या खलीच्या (सरकीची पेंड हो, पुण्याच्या पाहुण्यांसाठी सांगतो) 22 गोण्या, मी स्वतः बोट लावून मोजलेल्या. 3 तारखेला 40 आल्या. झाल्या 62. रजिस्टरप्रमाणे रोज 2 गोण्या जातात, 24 तारखेच्या रात्रीपर्यंत 48 गेल्या, उरायला पाहिजेत 14. आणि उरल्या किती? पाच! नऊ गोण्या गायब. 50 किलोची गोणी, म्हणजे साडेचार क्विंटल खली, आम्हाला 1800ला एक पडली होती, करा गुणाकार, 16,200 रुपये. एवढे पैसे माझ्या ऑफिसात इकडचे तिकडे झाले असते तर मला खुर्चीला बांधून विचारलं असतं. इथे काका म्हणतात, "अरे होतं थोडं मागंपुढं, जनावरं आहेत, खाणारच की."

खाणारच की! काका, तुम्ही मोठे आहात, तुमच्यासमोर आवाज चढवत नाही, पण खाल्लं तर कुणी खाल्लं आणि किती खाल्लं, एवढंच तर विचारतोय मी.

खोटं का बोलू, मला आधी चोरीच वाटली. दोन दिवस मी गोडाऊनच्या कुलपाकडे आणि दुधाच्या गाडीकडे पोलिसासारखा बघत होतो, आणि आता त्याची लाज वाटतेय. कारण शेवटी वजनकाटा काढला. म्हणजे आधी काट्याचे सेल बदलले, ते दिवाळीपासून संपलेले होते आणि काटा खुंटीवर शोभेला लटकत होता. आमच्याकडे ठरलेलं असं की एक तगारी म्हणजे 5 किलो. कुणी ठरवलं, कधी ठरवलं, देव जाणे. बहुतेक काकांनीच कधीतरी हातात उचलून "पाच असेल" म्हटलं आणि तो कायदा झाला. सकाळी 10 तगाऱ्या, संध्याकाळी 10, झाले 100 किलो, म्हणजे 2 गोण्या. कागदावर एकदम गोंडस.

तर सकाळचा गडी भरतो ती तगारी निघाली 4 किलो 900. काठोकाठ, हाताने सपाट केलेली. संध्याकाळचा गडी भरतो ती 6 किलो 900! वर शीग काढलेली, सत्यनारायणाच्या प्रसादाची परात भरावी तशी. त्याला विचारलं, अरे एवढी का भरतोस, तर शांतपणे म्हणाला, "भिया, खली से फैट आता है, और भैंस मुँह देखती है." आता याच्यावर काय बोलायचं सांगा. म्हैस तोंडाकडे बघते म्हणून आमचा स्टॉक चुकतो! दिवसाला 49 आणि 69, एकशे अठरा किलो. रोजचे 18 किलो जास्त, 24 दिवसांत 432. राहिलेले 18 किलो उंदरांच्या आणि फाटक्या गोणीच्या नावावर टाकले. हिशोब जुळला, पण जुळल्याचा आनंद होण्याऐवजी रडू आलं, कारण दोन वर्षं मी जे काही एक्सेलमध्ये भरत होतो ते सगळं या शिगेवर उभं होतं.

आणि पुढची गंमत अशी की तो चुकला असंही मला छातीठोक म्हणता येत नाही. माझा एक मित्र महूच्या वेटरनरी कॉलेजात शिकलाय, त्याने सरळ अंदाज दिलाय, अंग राखायला दीड-दोन किलो खुराक आणि त्यावर गाईला दर अडीच लिटर दुधामागे एक किलो, म्हशीला दर दोन लिटरमागे एक किलो. म्हणजे जास्त देणारीला जास्त, आटत आलेलीला कमी. आमच्याकडे सगळ्यांना सारखं, कारण कोणती म्हैस किती देते ते लिहितच नाही कुणी, सगळं दूध कॅनमध्ये आणि कॅनचा आकडा वहीत. मग शीग कुणाच्या पोटात जाऊन दूध झाली आणि कुणाच्या पोटात जाऊन नुसतं शेण झाली, हे कळायचं कसं? दुधाच्या खर्चात 60-70 टक्के खाण्याचाच खर्च असतो आणि तोच भाग आमच्याकडे "थोडं मागंपुढं" आहे. बाकी लाइटबिल दहा रुपयांनी वाढलं की काका दोन दिवस जेवत नाहीत.

भुशाचं तर बोलूच नका. भुसा घ्यायचा मार्च-एप्रिलमध्ये, गहू निघाला की, नाहीतर शेतात नरवाई (कापणीनंतर उरलेली गव्हाची धसकटं) पेटवून मोकळे होतात लोक आणि पावसाळ्यात तोच भुसा सोन्यासारखा होतो. बरं, घ्यायचा कसा? ट्रॉलीवर! वजनावर नाही, ट्रॉलीवर. जाळी लावून वर चढवलेली ट्रॉली, बाहेरून हत्तीएवढी दिसते. एकदा मी हट्टाने दोन ट्रॉल्या धर्मकाट्यावर (गाडीसकट तोलतात तो मोठा काटा) नेल्या, एक निघाली 11 क्विंटल आणि दुसरी सव्वाचौदा, भाव दोन्हींचा एकच. ट्रॉलीवाला माझ्याकडे असा बघत होता जसं काही मी त्याची जात विचारली. काका म्हणाले, "काट्याचे पैसे कशाला घालवले?"

वर नवा भुसा आला की जुन्याच्या पुढ्यात ओततात. म्हणजे मी कागदावर आधी आलेला माल आधी गेला असं धरून एप्रिलचा 6 रुपयांचा दर लावतोय आणि गोडाऊनमध्ये खरं काय चाललंय तर ऑगस्टचा 10 रुपयांचा आधी जातोय आणि एप्रिलचा मागे भिंतीला चिकटून कुजतोय. पत्रा तिथेच गळतो. गेल्या पावसात त्या कोपऱ्यात खलीच्या तीन गोण्याही होत्या, हिरवट-काळी बुरशी, हात घातला तर आत गरम. मी म्हटलं फेका. तर "उन्हात वाळवून देऊ की"! अहो, अफ्लाटॉक्सिन, म्हणजे बुरशीचं विष, उन्हाने पूर्ण जात नाही, ते दुधात उतरतं, दुधात त्याची मर्यादा किलोमागे अर्धा मायक्रोग्रॅम आहे, अर्धा! फेकल्या शेवटी, पण रजिस्टरमध्ये त्या तीन गोण्या आजही म्हशींनी खाल्ल्यात.

मग आलं सायलेज, म्हणजे हवाबंद मुरवलेला हिरवा मका. शेजारच्या डेअरीवाल्याने घेतलं म्हणून आपणही घेतलं. काकांचा हिशोब असा की सायलेज 7 रुपये किलो, भुसा 8 रुपये किलो, म्हणजे सायलेज स्वस्त. काका, त्यात 65-70 टक्के पाणी आहे! कोरडं धरलं तर ते एकवीसच्या आसपास पडतं आणि भुसा नऊच्या. आता सायलेजमध्ये मक्याचे दाणे असतात, ताकद असते, भुशात नुसतं पोट भरतं, तुलना सरळ नाही हे मलाही कळतं. पण निदान पाण्याचे पैसे देतोय हे तरी मान्य करा! हीच कथा भिजवलेल्या खलीची. रात्री ड्रममध्ये भिजवतात, सकाळी फुगते, आणि मध्ये एक गडी होता तो ओलीच तगारी मोजून लिहायचा. दोन महिने माझा खर्च का वाढला म्हणून मी बाजारभाव तपासत बसलो होतो.

एवढं झाल्यावर मी शहाणपणा केला, अ‍ॅप घेतलं. नाव नाही सांगत. ते अ‍ॅप मला विचारतं पेन (गुरांचा वाडा) नंबर काय, लॉट (गुरांचा गट) नंबर काय, मिक्सर लोड (एका खेपेला कालवलेला खुराक) किती. अरे बाबा, हे सगळं तिकडच्या टेक्सास-कॅन्ससच्या फीडलॉटचं, म्हणजे मांसासाठी गुरं पोसतात त्या वाड्यांचं आहे, तिथे एका जागी हजारोंनी गुरं, मिक्सरच्या ट्रकखालीच काटा, किती टाकलं ते आपोआप दिसतं, वर सकाळी माणूस फिरून गव्हाणीला 0 ते 4 मार्क देतो, काहीच उरलं नाही तर 0, तोंडच लावलं नाही तर 4. मला ती मार्कांची आयडिया फार आवडली, खरंच सांगतो, फुकटात होते. आमच्याकडे गव्हाणीत उरलेलं उचलून भाकड म्हशींना टाकतात आणि ते परत कुठेच लिहीत नाहीत. अ‍ॅपमध्ये एकक निवडा म्हटलं की टन, किलो, पाउंड. तगारी नाही. ट्रॉली नाही. आणि नेट गेलं की तीच नोंद दोनदा चढते, एका मंगळवारी आमच्या जनावरांनी 40 तगाऱ्या खाल्ल्या.

आणि हे सगळं कुठे? इंदूरात! सोयाबीन संशोधनाची राष्ट्रीय संस्था इथे, सोया डीओसी (तेल काढून उरलेली सोयाबीनची पेंड) घराच्या दारात, 45 टक्क्यांच्या आसपास प्रोटीन, खलीत त्याच्या निम्मं. प्रोटीनच्या भावाने दोन्हींची तुलना करून दाखवतो म्हटलं तर काका म्हणतात, "आजोबांपासून खलीच देतोय." आजोबांकडे चार म्हशी होत्या हो.

असो. परवा मी पांढऱ्या प्लॅस्टिकच्या दोन बादल्या आणल्या, प्रत्येकीत 5 किलो खली तोलून ओतली, जिथपर्यंत आली तिथे लाल ऑइलपेंटने रेघ मारली, दोघांना समोर उभं करून समजावलं की रेघेच्या वर एक मूठ नाही, आणि गेलीच तर लिहायचं, जे टाकाल ते सगळं लिहायचं. दोघांनी माना हलवल्या. संध्याकाळच्याने तर रेघेवरून बोट फिरवून बघितलं.

आत्ता काकांनी रजिस्टरचा फोटो पाठवलाय. संध्याकाळच्या रकान्यात लिहिलंय, "खली 10 बाल्टी + थोड़ी".