कम्युनिकेशन समाधानकारक होतं म्हणे!

लष्करी सराव संपला रे संपला की वरून फोन सुरू. कम्युनिकेशनचा रिपोर्ट कुठेय, रिपोर्ट कुठेय. आणि लिहायला बसवतात कुणाला? रात्रभर हेडसेट लावून बसलेल्या ऑपरेटरला नाही. कंट्रोलच्या तंबूत चहा पीत कॉम्प्युटरसमोर बसलेल्याला! तो बिचारा मागच्या वर्षीची फाईल उघडतो, तारखा आणि सरावाचं नाव बदलतो आणि प्रिंट काढतो. एकदा वाळवंटातल्या सरावाच्या रिपोर्टमध्ये 'दाट झाडीमुळे रेंज कमी मिळाली' असं छापून वर गेलं. वाळवंटात झाडी! वरून सही होऊन परतही आलं.

उमेदीची सगळी वर्षं सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन दलात काढली मी. 'तीव्र चौकस' हे आमच्या कोअरचं ब्रीद. सेटवर चौकस, लाईनवर चौकस, आणि रिपोर्ट लिहायची वेळ आली की सगळे डाराडूर.

'रात्री एचएफ लिंक फेल. कारण : उपकरणातील बिघाड.' हे वाचलं की अजून डोकं सणकतं. अरे, कसला बिघाड? एचएफ रेडिओच्या लहरी आयनांबरावरून, म्हणजे वातावरणाच्या वरच्या विद्युतभारित थरावरून, परतून खाली येतात. सूर्य मावळला की वरचं आयनांबर विरळ होत जातं. दिवसा मस्त चालणारी वरची फ्रिक्वेन्सी रात्री परतून खाली येतच नाही, सरळ अवकाशात निघून जाते. तेव्हा खालच्या फ्रिक्वेन्सीवर उतरायचं असतं. हे ट्रेनिंग सेंटरमध्ये रंगरूटाला शिकवतात! मग रात्रीची फ्रिक्वेन्सी दिली होती का? दोन्ही टोकांनी एकाच वेळी बदलली का? की एक सातला गेलं आणि दुसरं साडेसातपर्यंत जुन्याच जागी 'हॅलो, हॅलो' करत बसलं? सगळं ऑपरेटरच्या लॉगमध्ये वेळेसकट लिहिलेलं असतं हो! पण लॉग उघडायचे कष्ट कोण घेणार? सेटवर ढकललं की काम संपलं, सेट काही उलट बोलत नाही. तो वर्कशॉपला जातो, काहीच दोष न सापडता परत येतो, आणि पुढच्या वर्षी तीच लिंक त्याच वेळेला पुन्हा बसते.

लॉगचीही एक गंमत. एकच मेसेज, पाठवणाऱ्याच्या वहीत एक वेळ आणि घेणाऱ्याच्या वहीत पाच-सात मिनिटं मागची. सुरुवातीला घड्याळं जुळवलीच नाहीत! मग मेसेज नेमका कुठे अडकला, कसं कळणार? हा मुद्दा एकाही रिपोर्टमध्ये आलेला मी पाहिला नाही.

व्हीएचएफचं, म्हणजे जवळच्या पल्ल्याच्या रेडिओचं, तर विचारूच नका. 'टेकडीमागे संपर्क खंडित.' कुठली टेकडी बाबा? नकाशावरचा ग्रिड रेफरन्स दे ना! आवाज पुढे पोचवणारं रिब्रॉडकास्ट स्टेशन कुठे होतं, अँटेना किती उंच चढवली होती, कंपनी कुठल्या नाल्यात उतरल्यावर आवाज गेला, एवढं लिहिलंस तर पुढच्या वेळी येणारा पोरगा पहिल्याच दिवशी बरोबर डोंगराच्या धारेवर आपली डिटॅचमेंट, म्हणजे तुकडी, चढवेल. 'भविष्यात काळजी घेण्यात येईल' हे वाचून तो काय करणार, आरती? आणि जमिनीवरची केबल कुणाच्या रणगाड्याखाली गेली ते तर लिहायचंच नसतं. रणगाडा मोठ्या साहेबांचा ना!

बरं, तोंडी तरी बोलू देतात? सराव संपल्यावर सगळ्यांना बसवून साहेब विचारतात, "एनी पॉइंट?" हवालदाराने मान वर केली की सुभेदारसाहेब असे डोळे वटारतात की तो बुटाची लेस बांधायला लागतो. अमेरिकन लष्कराने फोर्ट अर्विनच्या ट्रेनिंग सेंटरमध्ये १९८०च्या दशकात सरावानंतर असं बसून बोलायची पद्धत रुजवली. काय ठरलं होतं, काय घडलं, का घडलं, पुढे काय करायचं, आणि बोलताना हुद्दा बाजूला. आपल्याकडे प्रश्न तेवढे आले. हुद्दा जागचा हलला नाही.

वर तरी काय वेगळं आहे म्हणा. १९६२च्या चीन युद्धातल्या पराभवावरचा हेंडरसन ब्रूक्स-भगत अहवाल १९६३मध्ये सादर झाला, सरकारने तो अजून खुला केलेला नाही. निदान तो लिहिला तरी गेला. आमचे तर लिहितानाच धुऊन-पुसून स्वच्छ केलेले असतात.

रिपोर्ट हवाच असेल ना, तर सामान गाडीत चढायच्या आधी ऑपरेटर, लाईनमन आणि चार्जिंगवाल्याला बसवा. लॉग समोर ठेवा. हिंदीत, मराठीत, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, जमेल तसं एकेक पान लिहू द्या. टायपिंग क्लार्क बघून घेईल. आणि चार्जिंग जनरेटरसाठी आलेलं पेट्रोल कुणाच्या जीपमध्ये गेलं तेही त्यात येऊ द्या. म्हणजे पहाटे तीन वाजता एकदम सगळ्या बॅटऱ्या का बसल्या, यावर 'थंडीचा परिणाम' असं लिहायची कुणावर पाळी येणार नाही. मे महिना होता तो, साहेब!